बांधली कुणी, बांधून घेतली कुणी?

नॉर्वेतल्या फ्लोम गावी क्रूझ जहाज लागले की प्रवासी उतरून डोंगरगाडीत बसतात. साधारण तासाभरात २० किलोमीटर अंतर आणि ८६० मीटरहून अधिक चढ पार करून ती मिरडालला पोहोचते. वाटेत क्योसफॉसेन धबधब्यापाशी थांबते, तिथे सगळे फोटो काढतात.

पण हा मार्ग सहलीसाठी आखला नव्हता. बर्गन-ओस्लो रेल्वे १९०९ साली पूर्ण झाली. सोग्ने फ्योर्डकाठच्या गावांना तिच्याशी जोडायचे होते. १९२४ मध्ये काम सुरू झाले. एकूण २० बोगदे. त्यांतले १८ मजुरांनी हातांनी खोदले. एकेक मीटर पुढे सरकायला फार कष्ट पडत. १९४० मध्ये जर्मनीने देश व्यापला. त्याच वर्षी इथे वाफेची गाडी धावली. विजेची गाडी १९४४ मध्ये आली.

मी भाषा शिकवतो. उर्दूत ‘बनाया’ वेगळे आणि ‘बनवाया’ वेगळे. मराठीतही ‘बांधली’ आणि ‘बांधून घेतली’ एक नव्हे. ही रेल्वे सरकारने बांधून घेतली, बांधली मजुरांनी. इतिहास लिहिताना आपण नेमके हेच क्रियापद चुकवतो.