यंत्राला ताप चढतो तेव्हा



पावसाळ्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एक बातमी हटकून कानावर येते : राधानगरीचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला. 'उघडला' म्हणतात, 'कोणी उघडला' असे कोणी विचारीत नाही. कारण तो कोणी उघडलेलाच नसतो. भोगावती नदीवरचे हे धरण शाहू छत्रपतींनी १९०८ साली बांधावयास घेतले. मध्ये काम बरीच वर्षे खोळंबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाणी ठरल्या रेषेला टेकले की पाण्याचा दाब आणि तोलून ठेवलेले वजन ह्यांच्यातला तोल बदलतो, दरवाजा आपोआप उघडतो आणि एकेका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी नदीत पडू लागते. पाणी उतरले की दरवाजा मिटतो. अशी रचना महाराष्ट्राला नवी नव्हती. विश्वेश्वरय्यांनी स्वतः योजलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ सालीच पुण्याजवळ खडकवासल्याला बसले होते.

आज मला सांगायची आहे ती हकीकत एका फार लहान धरणाची. तुमच्या शाळेतल्या संगणकाच्या पेटीत असते तेवढ्या धरणाची. तिथे पाणी चढत नाही, ताप चढतो, आणि दरवाजाऐवजी पंखा असतो.

संगणकाला ताप का यावा? वीज वाहिली की उष्णता होतेच, हे आपल्या विजेच्या शेगडीवरून सर्वांना ठाऊक आहे. जुन्या संगणकांचे काम संथ, त्यामुळे उष्णताही बेताची. हवेने ती आपोआप निघून जाई. १९९३ साली पेंटियम नावाचा प्रोसेसर आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा ठेवण्याचा काळ सुरू झाला. आता पंखा म्हटला की तो कधीतरी धुळीने अडकणार, थकणार, बंद पडणार. पेटीच्या आत तो बंद पडला तर बाहेर बसलेल्याला कळावे कसे? म्हणून कारखानदारांनी मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्या पाटीवर बसवतात तिच्यावर, एक पहारेकरी बसवला. नॅशनल सेमीकंडक्टर ह्या अमेरिकन कंपनीची एलएम ७८ नावाची चिप त्यांत प्रसिद्ध. ती तापमान पाही, सात ठिकाणचा विजेचा दाब पाही आणि तीन पंख्यांचे फेरे मोजी.

पहारेकरी बसला खरा. पण त्याची भाषा कोणाला कळत होती? चिपच्या पोटात नुसते आकडे असतात. ते वाचून संगणकाला समजावून सांगणारी जी आज्ञावली, तिला ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स ह्या सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीसाठी असा ड्रायव्हर कोणी कारखानदार करून देईना. तेव्हा १९९८ च्या सुमारास फ्रोडो लोयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक ह्या दोघांनी एलएम-सेन्सर्स नावाचे काम हाती घेतले. पुढे जाँ देल्वार आणि त्यांच्यानंतर गुंटर रोएक ह्यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले.

अडचण कसली होती, ती गुऱ्हाळावरून सांगतो. काहिलीत रस उकळत असतो. फेस कसा चढतो, बुडबुडा कसा फुटतो हे पाहून गुळव्या जाळ कमी करायला सांगतो. त्याला विचारा, 'कसं ओळखलंत?' तो हसेल. नवख्या माणसाने शेजारी उभे राहून पाहत पाहतच ते शिकायचे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे असेच होई. काही कंपन्या चिपचे माहितीपत्रक देत, काही देत नसत. आणि चिपचे मिळाले तरी मदरबोर्डवाल्याने कोणती तार कुठे जोडली हे गुलदस्तात. चिप तीन ठिकाणचे ताप सांगते, पण त्यांतला प्रोसेसरचा कोणता? कित्येकदा एका जागी काही जोडलेलेच नसे, आणि चिप तरीही बेधडक आकडा सांगे! ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले त्याच्यापासून यंत्राची नाडी लपवून ठेवण्यात कसला व्यापार साधतो, हे मला तरी आजवर उमगलेले नाही.

शिक्षक मित्रांसाठी एक हिशेब देतो, वर्गात करून पाहण्याजोगा आहे. पंखा एका फेऱ्यात दोन ठोके देतो. एलएम ७८ ठोके मोजत नाही. दोन ठोक्यांच्या मधला वेळ मोजते. फेऱ्यांचा आकडा काढायचा तर १३,५०,००० ला त्या मोजणीने आणि भाजक नावाच्या एका ठरीव संख्येने भागायचे. पण मोजणी २५५ च्या पुढे जाऊच शकत नाही. भाजक २ असेल तर मिनिटाला सुमारे २,६५० फेऱ्यांखाली गेलेला पंखा चिपच्या मापात मावत नाही आणि पडद्यावर शून्य उमटते. पंखा डोळ्यांदेखत फिरतोय आणि यंत्र म्हणतंय बंद! भाजक वाढवला की तोच पंखा पुन्हा 'फिरू' लागतो.

ह्याहून मोठा घोटाळा ह्या शतकाच्या आरंभी झाला. ह्या चिपा दोन तारांच्या एका वाटेवर राहतात. ती वाट फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. त्या वाटेवर घरांना नंबर असतात, पण दारावर नावे नसतात. म्हणून शोध घेणारी आज्ञावली प्रत्येक दार हलकेच ठोठावून पाही : आत कोण आहे? आयबीएमच्या काही थिंकपॅड संगणकांत एका दाराआड यंत्राची स्वतःची माहिती जपणारी स्मृतीची चिप होती. ठोठावण्याचा अर्थ तिने भलताच घेतला, आतला मजकूर बिघडला आणि ते संगणक पुन्हा सुरूच होईनात. नुसते विचारण्याने यंत्र दगावले! मग त्या मंडळींनी आयबीएमचे यंत्र दिसले की आज्ञावलीने हातच लावू नये असा बंदोबस्त केला आणि दार ठोठावण्याची निर्धोक रीत शोधून काढली.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सची २.६ ही आवृत्ती आली. तोवर प्रत्येक ड्रायव्हरची बोली निराळी. आता सर्वांना एक वळण लागले. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहायचे ठरले. कारण लिनक्सच्या गाभ्यात दशांश अपूर्णांकांचा हिशेब टाळतात. ४७ अंश असतील तर ४७००० लिहायचे.

आता पंख्याचा लगाम. त्याला ० ते २५५ असा आकडा देतात. २५५ म्हणजे पुरा वेग. इथेही एक गोम आहे. फिरता पंखा ६० वर टिकेल, पण थांबलेला पंखा तेवढ्यावर सुरू होईलच असे नाही; विहिरीवरचे जुने इंजिन सुरू करताना हँडलला जसा जादा जोर लावावा लागे, तसा त्याला आधी मोठा आकडा द्यावा लागतो. म्हणून पंखा सांभाळणाऱ्या आज्ञावलीत सुरू करण्याचा आकडा वेगळा आणि थांबण्याचा वेगळा लिहून ठेवतात. आणि खरी धास्ती ह्यापुढची. पंखा मंद करून ठेवला आणि ती आज्ञावलीच मध्ये बंद पडली तर? तेव्हा जाता जाता तिने लगाम पुन्हा चिपच्या हाती द्यावा, ते न साधले तर पंखा पुऱ्या वेगाने सोडावा, अशी तजवीज केलेली असते. राधानगरीच्या दरवाजाला ही विवंचना नाही. पाणी कधी डुलकी घेत नाही.

हे काम संपलेले नाही. दरसाल नव्या चिपा येतात. २०२० साली लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत साठवणीच्या डिस्कचा ताप वाचणारा ड्रायव्हर आला, तोही रोएक ह्यांचाच.

तुमच्या शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल तर मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी मुलांना ते आकडे उघडून दाखवा. सकाळी यंत्र नुकतेच सुरू केलेले असताना काय होते, दुपारी काय झाले, हे फळ्यावर मांडा. मग वीज बंद करून पेटी उघडा, पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आकडा घ्या. शून्य फेरे दिसले तर घाबरू नका. आधी पेटीला कान लावून पंख्याचा आवाज येतो का ते ऐका, मग भाजक तपासा.