जबड्याच्या गाठीचा माग

१९५७ साली युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात एक लहान मुलगा आला. जबडा दोन्ही बाजूंनी, वर-खाली सुजलेला. सर्जन डेनिस बर्किट यांना काही उमगेना. थोड्याच आठवड्यांत जिंजा गावी तशाच जबड्याचं दुसरं मूल दिसलं, तेव्हा त्यांनी जुनी कागदपत्रं उपसायला घेतली. ही गाठ लसीका पेशींच्या कर्करोगाची, हे पुढे ठरलं. बर्किट यांचा एक डोळा लहानपणीच गेला होता. उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी जे पाहिलं, ते इतरांच्या नजरेसमोर असूनही सुटलं होतं.

रोग नेमका कुठे होतो? १९६१च्या अखेरीस दोन सहकाऱ्यांसह ते जुन्या फोर्ड गाडीतून निघाले आणि दहा आठवड्यांत सुमारे १६ हजार किलोमीटर फिरून रुग्णालयांत विचारत गेले. नकाशा तयार झाला. उंच, थंड भागांत रोग नाही. उष्ण, पावसाळी भागांत आहे. म्हणजे जिथे हिवतापाचे डास, तिथे ही गाठ.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनमध्ये बर्किट यांचं व्याख्यान संशोधक अँथनी एपस्टाइन यांनी ऐकलं आणि यामागे विषाणू असावा असं त्यांच्या मनाने घेतलं. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने येऊ लागले. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. डिसेंबर १९६३मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरलं, नमुना उशिरा पोचला आणि बाटलीतला द्रव गढूळ झालेला. जंतू वाढले, असंच समजून कुणीही तो फेकून दिला असता. एपस्टाइन यांनी थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या! त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या आणि १९६४मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांच्यात विषाणू दाखवला. एपस्टाइन आणि त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांच्या नावावरून तो एपस्टाइन-बार विषाणू झाला. माणसात कर्करोगाशी नातं जुळलेला हा पहिला विषाणू.

पण जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो असतो. मग कर्करोग मोजक्याच मुलांना का? मला या शोधाचा सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. लसीका ग्रंथींतल्या बी पेशी अधिक नेमकी प्रतिपिंडं घडवण्यासाठी स्वतःचीच जनुकं कापतात, जोडतात. क्वचित जोड चुकते. आठव्या गुणसूत्रावरचं ‘मिक’ नावाचं जनुक चौदाव्यावर, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. पेशीला सतत वाढण्याचा हुकूम मिळू लागतो. ही अदलाबदल १९८२मध्ये उलगडली. वारंवार येणारा हिवताप बी पेशींना या कापाकापीला जुंपून ठेवतो आणि विषाणू बिघडलेल्या पेशीला मरू देत नाही. रक्षणाचं कामच असं घाताची वाट उघडतं.

ही गाठ माणसातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या गाठींपैकी एक. औषधांना ती दाद देते, हेही बर्किट यांनीच कंपालात पाहिलं होतं. आज पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. जिथे हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, त्या आफ्रिकेत मात्र अनेक मुलं अजूनही उशिरा रुग्णालयात पोचतात.