डागडुजी, जीर्णोद्धार आणि पुरावा : हॅरिसनच्या सागरी घड्याळांची दुरुस्ती

प्रस्तावना

जुन्या यंत्राची दुरुस्ती हा इतिहासलेखनाचा विषय सहसा मानला जात नाही. यंत्राच्या शोधाचा इतिहास लिहिला जातो, शोधकाचे चरित्र लिहिले जाते. परंतु पुढील शंभर-दोनशे वर्षे ते यंत्र कोणाच्या हाती होते आणि त्या हातांनी त्याचे काय केले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. वस्तुतः संग्रहालयात दिसणारे जुने घड्याळ मूळ कर्त्याइतकेच नंतरच्या दुरुस्तीकारांचेही असते. मराठीत या कामासाठी ‘डागडुजी’ आणि ‘जीर्णोद्धार’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांतील अंतर लक्षणीय आहे. डागडुजी वस्तू वापरात ठेवण्यापुरती असते. जीर्णोद्धारात मोडकळीस आलेले पुन्हा उभे केले जाते आणि त्या भरात जुने किती उरले याचा हिशेब बहुधा राहत नाही. जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) याची सागरी घड्याळे आणि रूपर्ट गूल्ड (१८९०–१९४८) याने केलेली त्यांची दुरुस्ती हे या हिशेबाचे एक बोलके उदाहरण होय.

हॅरिसनची यंत्रे आणि त्यांची उपेक्षा

समुद्रावर रेखांश काढण्यासाठी निघालेल्या बंदराची वेळ जहाजावर अचूक ठाऊक असावी लागते. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये अर्ध्या अंशाच्या आतील अचूकतेसाठी २०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. वेस्ट इंडीजपर्यंतच्या सुमारे सहा आठवड्यांच्या प्रवासात हे साधायचे, तर घड्याळ दिवसाला तीन सेकंदांहून अधिक चुकता कामा नये. त्या काळची लंबकाची घड्याळे डोलणाऱ्या जहाजावर निरुपयोगी ठरत. सुतारकामातून घड्याळांकडे वळलेल्या हॅरिसनने १७३५ मध्ये पहिले सागरी घड्याळ पूर्ण केले. पुढे एच-१ या नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्राचे वजन सुमारे ३४ किलो आहे. त्यातील काही चाके ओक लाकडाची आहेत, तर घर्षण कमी करणाऱ्या भागांत लिग्नम व्हिटी हे स्वभावतःच तेलकट लाकूड वापरलेले आहे. त्यामुळे त्याला वंगण लागत नाही. एच-२ आणि एच-३ ही त्याच मार्गावरील पुढची पावले. त्यांपैकी एच-३ने हॅरिसनची जवळजवळ १९ वर्षे घेतली. १७५९ मधील एच-४ मात्र अवघ्या १३ सेंटिमीटर व्यासाचे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे आहे. १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत ते ८१ दिवसांत सुमारे पाच सेकंद मागे पडले.

१७६६ मध्ये ही यंत्रे ग्रीनिचच्या वेधशाळेत नेण्यात आली. हलवताना एच-१ खाली पडले. ज्या यंत्रांनी एका शतकाचा प्रश्न सोडवला, त्यांच्याकडे पुढे फारसे कोणी पाहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकदा त्यांची साफसफाई झाली, नंतर पुन्हा दीर्घ शांतता. याला केवळ अनास्था म्हणणे अपुरे ठरेल. दरम्यान क्रोनोमीटर अधिक सोपा, स्वस्त आणि कारखान्यात घडवता येण्याजोगा झाला होता. हॅरिसनची यंत्रे नाविकाच्या दृष्टीने कालबाह्य होती आणि ‘ऐतिहासिक’ म्हणून त्यांचे मोल अद्याप ठरायचे होते. वस्तू सर्वाधिक नष्ट होतात त्या नेमक्या या मधल्या काळात.

गूल्डचे काम

रूपर्ट गूल्ड हा नौदलातील अधिकारी. पहिले महायुद्ध सुरू होताच त्याची मानसिक प्रकृती ढासळली आणि सागरी सेवेऐवजी त्याची नेमणूक नौदलाच्या जलालेखन विभागात झाली. १९२० मध्ये त्याने ग्रीनिच येथे ही यंत्रे पाहिली. तेथील राजज्योतिषी फ्रँक डायसन याची परवानगी मिळवून त्याने ती स्वच्छ करण्याचे काम विनामूल्य अंगावर घेतले. घड्याळजीचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. एकट्या एच-१वरून सुमारे दोन औंस घाण आणि जंगाल निघाले, असे त्यानेच नमूद केले आहे. याच काळात, १९२३ मध्ये, त्याचा ‘द मरीन क्रोनोमीटर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो या विषयावरील आधारग्रंथ मानला जातो.

एच-३च्या दुरुस्तीत गूल्डची सुमारे सात वर्षे गेली. त्याच सुमारास, १९२७ मध्ये, त्याचे वैवाहिक जीवन न्यायालयात जाऊन मोडले आणि नोकरीही गेली. यंत्रांवरील काम मात्र सुटले नाही. (हाच गूल्ड लॉक नेस सरोवरातील कथित जलचरावर १९३४ मध्ये गंभीरपणे पुस्तक लिहितो, हे त्याच्या विलक्षण चिकित्सक पण वेल्हाळ बुद्धीशी सुसंगतच म्हटले पाहिजे.)

सर्वांत बिकट अवस्था एच-१ची होती. मुख्य कमानी नव्हत्या, साखळ्या नव्हत्या, संतुलनदंडांना जोडणाऱ्या स्प्रिंगा नव्हत्या, किल्ली देण्याची यंत्रणा नव्हती. घर्षणरोधक २४ चाकांपैकी पाच नाहीशी झाली होती, आणि पिना-स्क्रूंसारखे बारीक भाग तर दहातला एकही जेमतेम उरला होता. गूल्डला तारले ते यंत्राच्या रचनेतील समतोलाने. एच-१मध्ये पुष्कळ भाग जोडीने येतात; डावीकडचा हरवला असेल तर उजवीकडच्या शिल्लक भागावरून त्याची मापे घेता येतात. १ फेब्रुवारी १९३३ रोजी एच-१ पुन्हा चालू लागले.

चालणारे यंत्र आणि खरे यंत्र

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ग्रीनिच येथे चालताना दिसणारे एच-१ कोणाचे? चौकट, चाके आणि कल्पना हॅरिसनची, परंतु त्याला चालवणारी शक्ती गूल्डने भरून काढलेल्या भागांतून येते. आजचा संग्रहालयीन संरक्षक बहुधा एवढ्या भागांची पुनर्निर्मिती करण्यास धजावणार नाही. कमीत कमी हस्तक्षेप करावा, केलेला बदल पुन्हा काढता यावा आणि प्रत्येक कृतीची नोंद असावी, ही त्याची तत्त्वे. पहिल्या दोन कसोट्यांवर गूल्डचे काम वादग्रस्त ठरू शकते. तिसऱ्या कसोटीवर मात्र तो आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे होता. त्याने रंगीत शाईतील आकृत्या आणि सविस्तर वर्णने यांनी अठरा वह्या भरल्या. त्या वह्यांमुळे हॅरिसन कुठे संपतो आणि गूल्ड कुठे सुरू होतो, हे शोधता येते. जोनाथन बेट्स याने २००६ मध्ये लिहिलेल्या गूल्डच्या चरित्रानंतर तर दुरुस्तीकार हाच स्वतंत्र अभ्यासविषय झाला.

नोंदीची सवय सामान्य घड्याळजीलाही अपरिचित नव्हती. जुन्या खिशातल्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूस सुईने कोरलेल्या बारीक खुणा, आकडे, क्वचित तारीखही आढळते. हौशी संग्राहक झाकण झगझगीत घासून घेतो तेव्हा त्या ओळी पुसल्या जातात, आणि दुकानदार त्यालाच घड्याळ ‘नव्यासारखे’ झाले म्हणतो.

सॉल्झबरी कॅथीड्रलमधील लोखंडी घड्याळाची कथा याच्या उलट दिशेने जाते. ते १३८६ च्या सुमाराचे मानले जाते, तथापि या कालनिश्चितीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मूळ आडव्या दांड्याची रचना काढून नंतरच्या काळात त्याला लंबक बसवण्यात आला होता. १९५६ च्या पुनर्रचनेत लंबकाची यंत्रणा काढून नवा आडवा दांडा बसवला गेला. हेतू मूळ रूप परत आणण्याचा होता. परंतु आज दिसणारा तो दांडा विसाव्या शतकातला आहे आणि ज्या लंबकाने त्या घड्याळाचे उत्तरायुष्य चालवले, तो दृष्टीआड झाला. गूल्डने हरवलेले भरून काढले. सॉल्झबरीत उपस्थित असलेले काढले गेले. दोन्हींना ‘जीर्णोद्धार’ असा एकच शब्द लावला, तर हा फरक झाकला जातो.

ग्रीनिचच्या वेधशाळेत एच-१, एच-२ आणि एच-३ चालू ठेवली जातात, कारण त्यांना तेल लागत नाही आणि झीज अल्प होते. एच-४च्या रत्नजडित यंत्रणेला तेल लागते. तेल कालांतराने दाट होते, मग पुन्हा उघडणे, पुसणे, जुळवणे ओघाने येते, आणि अशा प्रत्येक वेळी हॅरिसनच्या हातचे थोडे झिजते. ते घड्याळ चालू शकते, पण त्याला किल्ली दिली जात नाही.