किरकोळ दुरुस्ती

२ ऑगस्ट २०१६, रात्र. उरले ९५४ दिवस.

महाडला सावित्री नदीला पूर आला होता. ब्रिटिशांच्या काळातला पूल अंधारात वाहून गेला आणि पूल जागेवर आहे असं समजून आलेल्या दोन एसट्या थेट नदीत गेल्या. त्या रात्रीनंतर ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हे शब्द महाराष्ट्रात सगळ्यांच्या तोंडी बसले. मुंबई महापालिकेनेही आपल्या पुलांची तपासणी करून घ्यायचं ठरवलं.

तपासणी ‘करून घेणं’ म्हणजे विकत घेणं, हे सहसा कोणी बोलत नाही. खडी, सिमेंट, औषधं घेतात तसंच ऑडिटही घेतलं जातं: निविदा, दर, कार्यादेश, बिल. फरक एवढाच, की सिमेंटचं पोतं फोडून बघता येतं. ऑडिटचं पोतं फोडायचं तर तोच पूल पुन्हा तपासावा लागतो, आणि ते काम कोणाच्या टेबलावर नसतं. त्यात गंमत अशी, की ज्या खात्याने पुलाची देखभाल करायची तेच तपासनीस नेमणार, तेच अहवाल ताब्यात घेणार आणि तेच बिल पास करणार.

महापालिकेला हे नवीन नव्हतं. त्याच वर्षी ३४ रस्त्यांचा, ३५२ कोटींच्या कामांचा घोटाळा गाजत होता. आझाद मैदान पोलिसांनी त्यात जूनमध्ये ज्यांना पकडलं, त्यांत रस्त्यांचा दर्जा तपासायला नेमलेल्या त्रयस्थ कंपन्यांची माणसं होती. आझाद मैदान पोलीस ठाण्याचं नाव लक्षात ठेवा.

२९ सप्टेंबर २०१७, सकाळी साडेदहाच्या सुमारास. उरले ५३१ दिवस.

दसऱ्याचा आदला दिवस, अचानक आलेला पाऊस, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाचा अरुंद जिना. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. कोणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि गर्दीने ‘पूल’ ऐकलं, असं नंतर सांगितलं गेलं. या शहराला ते खरं वाटलं, यातच काय ते आलं.

३ जुलै २०१८, सकाळी साडेसात. उरले २५४ दिवस.

अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. रेल्वेमंत्र्यांनी ४४५ पुलांची तपासणी जाहीर केली, महापालिका आणि आयआयटी मुंबईला सोबत घेऊन. आयआयटीचं आम्हा कांजूरकरांना अप्रूप नाही. तिथली पोरं आमच्याच स्टेशनवर उतरतात आणि रिक्षासाठी आमच्याशीच भांडतात.

या काळातच कधीतरी सीएसएमटीच्या हिमालय पुलाचा निकाल कागदावर आला. पूल ठीक आहे, किरकोळ दुरुस्ती हवी.

हा शेरा येतो कसा? आधी नुसत्या डोळ्यांनी पाहणी: भेगा, गंजाचे डाग, पापुद्रे. मग हातोडी. चांगलं काँक्रीट ठोकलं की खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. घरातली फरशी पोकळ आहे का, हे गवंडी असंच बघतो. त्याच्या पुढे रिबाउंड हॅमर, काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून घेतलेली चाचणी, सळईचा गंज मोजणं. प्रत्येक पायरीला वेळ लागतो, मचाण लागतं, गर्दीचा पूल काही तास बंद ठेवावा लागतो. काम सर्वांत कमी दराने घेतलं असेल, तर यातली कुठली पायरी आधी गळते हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. एका ओळीचा शेरा मात्र सगळ्या पायऱ्या चढून आला की पहिलीवरूनच, हे वाचून कळत नाही.

१४ मार्च २०१९, गुरुवार, सकाळ. उरले दहा-अकरा तास.

सीएसएमटीच्या फलाट क्रमांक १ कडून आलेली गर्दी हिमालय पुलावरून दादाभाई नौरोजी मार्ग वरच्या वर ओलांडून फोर्टात शिरत होती. २६/११ च्या रात्री कसाब याच पुलावरून गेला, म्हणून लोक त्याला ‘कसाब पूल’ म्हणत. पुलावर सकाळी दुरुस्तीचं काही काम चाललं होतं, असं काही प्रत्यक्षदर्शींनी नंतर सांगितलं. वापर चालूच होता.

संध्याकाळी पावणेसात. उरला पाऊण तास.

कांजूरमार्गला या वेळी स्लो गाडी पकडली, तर सीएसएमटीला उतरायला साधारण साडेसात होतात. उलट दिशेची गाडी ठासून भरलेली, इकडची त्या मानाने मोकळी. जीटी रुग्णालयातल्या तीन सिस्टर डोंबिवलीकडून रात्रपाळीला निघाल्या होत्या. त्यांची गाडी कांजूरवरूनच गेली असणार, मध्य रेल्वेला दुसरी वाट नाही.

साडेसात.

लोखंडी सांगाडा उभाच राहिला. मधला काँक्रीटचा स्लॅब तेवढा खाली गेला, चालणाऱ्या माणसांसकट. खालच्या रस्त्यावरचा सिग्नल लाल होता, गाड्या अलीकडे थांबल्या होत्या, नाहीतर आकडा कुठच्या कुठे गेला असता. जखमी जीटी आणि सेंट जॉर्जमध्ये नेले. सहा जण त्या रात्रीच गेले, पुढे सात झाले. त्यांत त्या तिघी सिस्टर होत्या.

नंतरचे काही तास.

पूल रेल्वेचा की महापालिकेचा, यावर आधी टोलवाटोलवी झाली. घटनास्थळी आलेले मंत्री विनोद तावडे म्हणाले की पुलाची स्थिती वाईट नव्हती, किरकोळ दुरुस्ती तेवढी हवी होती. म्हणजे ऑडिटचा शेरा स्लॅब पडल्यावरही शाबूत होता. गुन्हा आझाद मैदान पोलीस ठाण्यात नोंदला गेला.

१५ मार्च. उलटला एक दिवस.

महापालिकेचा प्राथमिक अहवाल चोवीस तासांत तयार झाला. ऑडिट काळजीपूर्वक झालं असतं तर दुर्घटना टळू शकली असती, असं त्यात म्हटलं होतं. इंजिनिअर निलंबित झाले, १८ तारखेला ऑडिट करणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. तो अहवाल वाचताना मला एकच विचारावंसं वाटत होतं: जे ऑडिट कच्चं होतं हे एका दिवसात कळलं, ते बिल पास करताना कोणी वाचलं होतं?

मार्च २०२३.

महिनाअखेरीला नवा हिमालय पूल खुला झाला. त्याच्या काही दिवस आधी, २५ तारखेला, महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांवरचा कॅगचा विशेष लेखापरीक्षण अहवाल विधानसभेत आला होता. २० कामं, २१४ कोटींची, निविदा न काढताच दिलेली. ६४ कामांत, ४,७५५ कोटींच्या, कंत्राटदाराशी करारच झालेला नाही. आणि १३ कामांवर, ३,३५५ कोटींच्या, त्रयस्थ तपासनीस नेमलेलाच नव्हता.