सीमेवरील शाळेचे वर्ष



राजांचा इतिहास दप्तरांतून लिहिला जातो. शाळेचा इतिहास मात्र बव्हंशी तिच्या सुट्ट्यांच्या यादीत दडलेला असतो. औरादसारख्या गावी तर ही यादी फारच बोलकी आहे. निजामी अमलात साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे. हजेरीपत्रकावर आजूर, दै, बहमन हे फसली महिने असत आणि वर्ष पालटे ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे एखाद्या वर्षी सरकारी नववर्ष व दसऱ्याचे पाटीपूजन एकाच पंधरवड्यात येई. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढणारा मुलगा घरी शक गणी आणि शाळेत फसली लिही.

शाळांची नावेही तशीच होती : तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. खालच्या इयत्तांत मातृभाषेला जागा होती. वर चढावे तसतशी उर्दू येई आणि शिखरावर १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतूनच शिकवी. एका भारतीय भाषेला विद्यापीठाचे माध्यम करण्याचे हे धाडस मोठे होते, हे मी मराठीचा प्राध्यापक असूनही मोकळेपणाने मान्य करतो. दुखणे एवढेच, की ती भाषा बहुसंख्य मुलांच्या घरची नव्हती.

मग मराठी जगली कुठे? माझ्या मते ती तासिकांपेक्षा तासिकांबाहेर अधिक जगली. १९२९च्या गश्ती क्रमांक ५३ने सार्वजनिक सभांना परवानगीची अट घातली आणि खाजगी शाळांवरही सरकारची नजर होती. साहजिकच गणेशोत्सवातील व्याख्यान व मेळा, शारदोत्सव, हस्तलिखित मासिक, वक्तृत्वाची चढाओढ यांना वरकरणी दिसते त्याहून मोठे वजन आले. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादचे विवेकवर्धिनी, दोन्ही १९०७ची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ची. या संस्थांनी सभेत उभे राहून चार वाक्ये नीट बोलणारा विद्यार्थी घडविला. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. प्रार्थनेचा एक तास असा राजकारणाचा तास झाला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर शुक्रवार गेला, रविवार आला. फसली सनही दप्तरातून हळूहळू निघाले. ‘हजेरी’ मात्र राहिली. काही शब्दांना राज्य बदलल्याचे कळतच नाही!

परंतु औरादच्या शाळेला खरा धक्का बसला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या दिवशी जुना बिदर जिल्हा दुभंगला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे राहिले. मामाच्या गावचा मुलगा उदगीरला एस.एस.सी.ला बसू लागला, भाचा इकडे एस.एस.एल.सी.ला. पुढे एकाची वाट १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाकडे, तर दुसऱ्याची धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे. गुलबर्गा विद्यापीठ निघायला १९८० उजाडले. सोयरीक, बाजार, बोली एकच होती. पुस्तके, परीक्षा, नोकरीची भाषा निराळी झाली. मराठी माध्यमाच्या मुलाला कानडी हवीच होती, आणि ती त्याने शिकावी याविषयी माझ्या मनात कधी किंतु नव्हता. प्रश्न होता तो मराठी शिकून कुठे पोहोचायचे हा, आणि तो पालकांनी शाळा निवडताना आपापल्या परीने सोडविला.

वर्षाचा क्रम त्यातही चालू राहिला. जूनमध्ये कोऱ्या पुस्तकांचा वास, श्रावणात सहली, स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी, हिवाळ्यात स्नेहसंमेलन, शेवटी वरच्या वर्गाला निरोप. त्यात १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाची भर पडली. संमेलनात मराठी नाटुकले आणि कानडी भावगीत एकाच पडद्यामागे तयारी करीत. तेथे भांडण झालेच तर ते पेटीमास्तर आधी कोणाला मिळणार यावरून!

या जागी संस्थाचालकांना एक विनंती. जुनी दाखल-खारीज रजिस्टरे रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांतील फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येते. जानेवारीपासूनच्या तारखांना ५९१ मिळवावे. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळची कागदपत्रे शोधण्याची धावपळ झाली, तेव्हा शाळांच्या जुन्या वह्यांची किंमत अनेकांस प्रथमच कळली. आपल्या कपाटातील वह्यांत जात आणि जन्मतारीख याखेरीज आणखी एक रकाना आहे : शाळा सोडल्याचे कारण. १९५६च्या आसपासची ती पाने कोणीतरी बसून वाचली पाहिजेत.