ग्लुश्कोव्ह यांचे न विणलेले जाळे

शीतयुद्धातील तंत्रस्पर्धा आपण बहुधा अग्निबाण आणि उपग्रह यांच्या हिशेबाने मोजतो. त्या मापाने सोव्हिएत संघ मागे नव्हता. १९५७ साली स्पुटनिक त्यानेच सोडला. संगणकविद्येतही त्याचा आरंभ दुबळा नव्हता. सेर्गेई लेबेदेव्ह यांचा संगणक १९५१ मध्येच कीव्ह येथे चालू झाला होता. असे असताना संगणकांचे देशव्यापी जाळे अमेरिकेत विणले गेले आणि सोव्हिएत संघात ते कागदावरच राहिले. याचे कारण यंत्रांपेक्षा कारभाराच्या रीतीत शोधावे, असे मला वाटते.

१९५९ मध्ये अनातोली कितोव्ह या लष्करी अभियंत्याने सैन्याचे संगणक नागरी अर्थव्यवस्थेच्याही उपयोगी आणावेत, असे सुचविले. बक्षीस म्हणून त्यांना पक्षातून काढण्यात आले! पुढे १९६२ पासून कीव्हचे गणिती व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी ‘ओगास’ योजना मांडली. कारखान्यांपासून मॉस्कोपर्यंत संगणक केंद्रे जोडावीत व नियोजनाचे आकडे त्यांतून थेट वाहावेत, ही तिची कल्पना.

आठ वर्षे समित्यांत गेली. १ ऑक्टोबर १९७० रोजी विषय पॉलिटब्यूरोपुढे आला. ग्लुश्कोव्ह यांच्या आठवणींनुसार अर्थमंत्री गार्बुझोव्ह यांनी मिन्स्कमधील कुक्कुटपालनाचा दाखला दिला: तेथे संगणक दिवे लावतो, मालवतो आणि अंडी वाढतात, तूर्त एवढे पुरे. खरा प्रश्न अंड्यांचा नव्हता. जाळे कोणाच्या ताब्यात जाणार, हा होता. शिवाय ज्या मंत्रालयाची खरी उत्पादनक्षमता उघड होई, त्याचे पुढील वर्षाचे उद्दिष्ट वाढे. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्यांना हे परके वाटणार नाही. आपल्या खात्याचे आकडे दुसऱ्याला देताना खातेप्रमुखाचा हात आखडतोच.

तिकडे १९६६ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेतील रॉबर्ट टेलर यांनी आपल्या वरिष्ठांकडून सुमारे दहा लाख डॉलर मिळविले. त्यांच्या सांगण्यानुसार अवघ्या वीस मिनिटांत. विद्यापीठेही आपले संगणक इतरांना वापरू देण्यास नाखूशच होती, पण त्यांच्या संशोधनाचा पैसा याच संस्थेकडून येत होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोलमडली. तासाभराने पुन्हा जोडली गेली.

सोव्हिएत संघात मात्र मंत्रालयांनी आपापल्या स्वतंत्र संगणक यंत्रणा उभारल्या. खाजगी मालमत्ता नसलेल्या देशात आकडे तेवढे ज्याचे त्याच्या मालकीचे राहिले. १९८२ च्या जानेवारीत ग्लुश्कोव्ह वारले, तेव्हाही त्यातील बहुतेक यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या.