सातबारा: दप्तरापासून वेबसेवेपर्यंत

मराठवाड्यातील औंढा नागनाथचा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील महसूल १३१७ फसलीच्या, म्हणजे इसवी सन १९०७ च्या सुमाराच्या कायद्याने चाले. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. मराठवाड्यात जुन्या वहिवाटीचा वाद निघाला की आजही १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल शोधली जाते, ती या वारशामुळेच. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर गाव नमुना ७, म्हणजे हक्कांची नोंद, आणि नमुना १२, म्हणजे पिकांची नोंद, यांचा जोड-उतारा सातबारा म्हणून राज्यभर एकसारखा रूढ झाला.

संगणकावर आरंभी हा उतारा केवळ टंकित होत असे. खरा बदल ई-फेरफार प्रणालीने घडवला, कारण नोंद धरणे, हितसंबंधितांना नोटीस देणे, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबणे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलणे, हा संहितेतील क्रम तिच्या आज्ञावलीतच उतरला. पुढे दुय्यम निबंधकाकडील दस्तनोंदणीची प्रणाली तिच्याशी जोडली गेली आणि खरेदीखताची माहिती तलाठ्याकडे आपोआप पोहोचू लागली.

अशा जोडणीचे सर्वसाधारण तंत्र म्हणजे वेबसेवा: माणसाने पडद्यावर वाचण्याऐवजी एका संगणकाने दुसऱ्याला ठरलेल्या साच्यात विनंती करावी आणि त्याच साच्यात उत्तर घ्यावे. जगात ही पद्धत २००० च्या सुमारास आकाराला आली. रॉय फील्डिंग यांचा या विचाराला दिशा देणारा प्रबंध त्याच वर्षीचा. तयार प्रणाली पुन्हा न लिहिता तिला असे दार काढता येते; मात्र ते दार नियमांच्या अंगणातच उघडले पाहिजे. बाहेरची प्रणाली थेट माहितीसाठ्यात लिहू लागली, तर नोटीस आणि हरकत दोन्ही टळतील आणि शेतकऱ्याचे शतकभराचे संरक्षण नकळत नाहीसे होईल.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यावर पीककर्जासाठी तलाठ्याकडे खेटे घालण्याची गरज पुष्कळ कमी झाली. तथापि उतारा कितीही वेगाने आला, तरी वारसाची नोंद राहिली असेल, तर त्यावर मृत खातेदाराचेच नाव येते, आणि ते बदलण्यासाठी वारसाला फेरफाराचा अर्ज करून पंधरा दिवस थांबावेच लागते.